बाराव्या दिवसाचा पाऊस

म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण एका दुष्काळात तळाला गेलं. हजारो एकर शेतीला पाणी देणाऱ्या त्या प्रचंड जलाशयाचा तळ उघडा पडला, माती तडकली. सगळे उपाय थकले तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी पावसासाठी प्रार्थना करायचं ठरवलं. कावेरीच्या कोरड्या पात्रात मोठ्या खर्चाने गुडघाभर पाणी आणलं गेलं. त्या पाण्यात काही ब्राह्मण उभे राहिले आणि उपाशीपोटी अकरा दिवस मंत्र म्हणत राहिले. बाराव्या दिवशी पाऊस आला.

आर. के. नारायण यांनी 'माय डेज' या आत्मकथनात हा प्रसंग सांगितला आहे. मनात नसताना लोकांनी ज्याला साधू करून टाकलं, असा एक माणूस त्या सुमारास त्यांच्या डोक्यात घोळत होता. त्या माणसाला या प्रसंगाने गोष्ट मिळाली. १९५६ साली नारायण रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात एका हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी त्या माणसाची, आपल्या काल्पनिक मालगुडी गावातल्या राजूची कादंबरी लिहिली. १९५८ साली 'द गाईड' प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६५ साली तिच्यावरून आलेला 'गाईड' हा हिंदी चित्रपट आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात.

प्रेम, श्रद्धा आणि त्याग हे तीन शब्द हिंदी सिनेमात इतके वापरले गेले आहेत की त्यांचं वजनच जाणवेनासं झालंय. प्रेमासाठी त्याग करणारे नायक तर पोत्याने सापडतील. 'गाईड' वेगळा आहे तो इथे, की त्यातला त्याग प्रेयसीसाठी नाही. तो ज्यांची नावंही नायकाला धड ठाऊक नाहीत अशा खेडुतांसाठी आहे. आणि श्रद्धा तर नायकाची नाहीच, ती लोकांची आहे. एखाद्यावर दुसऱ्यांनी विश्वास टाकला तर त्या माणसाचं काय होतं, हा एकच प्रश्न दिग्दर्शक विजय आनंदने या तीन तासांत दोनदा विचारला आहे. पूर्वार्धात गाईड असलेला राजू नाचायची ओढ असलेल्या रोझीवर विश्वास टाकतो, उत्तरार्धात गाव राजूवर टाकतं. प्रेमकथा आणि साधूची कथा हे जोडलेले दोन तुकडे आहेत अशी तक्रार कधी कधी कानावर येते. मला ती कधीच पटलेली नाही. पहिला तुकडा नसता तर दुसऱ्याला अर्थच उरला नसता.

हा चित्रपट घडला तोच मोठ्या खटपटीतून. देव आनंदच्या 'नवकेतन'ने, १९४९ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने, तोवर रंगीत चित्रपट काढलाच नव्हता. 'गाईड' पहिला. शिवाय तो एकाच वेळी दोन भाषांत करायचं ठरलं. इंग्रजीची पटकथा नोबेलविजेत्या पर्ल बक यांची, दिग्दर्शक टॅड डॅनियलेव्स्की. हिंदी आवृत्ती आधी थोरले बंधू चेतन आनंद करणार होते, पण ते 'हकीकत'कडे वळले आणि काम धाकट्याकडे, विजयकडे आलं. इंग्रजी 'गाईड' अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि विस्मरणात गेला. विजय आनंदने मात्र पटकथा पुन्हा नव्याने लिहायला घेतली. आज आपण ज्याला 'गाईड' म्हणतो, तो त्या फेरलेखनातून जन्मला.

नारायण यांना हे सगळं अजिबात रुचलं नाही. 'मिसगायडेड गाईड' नावाचा लेख लिहून त्यांनी ते जाहीर सांगितलं. त्यांनी निर्मात्यांना म्हैसूरच्या आसपासच्या जागा दाखवल्या होत्या: नदीचे घाट, देवळं, डोंगर. मालगुडी घडलं होतं ते यांतून. निर्मात्यांना हवी होती रंगीत पडदा भरून टाकणारी भव्यता. म्हणून मालगुडीचा राजू उदयपूरला गेला आणि दक्षिणेतल्या लहानशा स्टेशनाची गोष्ट राजस्थानच्या महालांत आणि तळ्यांत घडू लागली. लेखकाचं दुःख खरं होतं. आपण ज्या गल्लीतून रोज चाललो ती गल्लीच पुसली गेली, तर कोणालाही लागेल. पण पडद्यावर बघताना वाटतं की राजस्थानने कथेला एक गोष्ट दिली, जी कावेरीच्या खोऱ्यात दाखवणं अवघड होतं. ती म्हणजे कोरडेपणा. शेवटच्या तासातल्या त्या उजाड जमिनीकडे नुसतं पाहिलं तरी घशाला कोरड पडते. छायालेखक फली मिस्त्री यांनी आधी तळ्यांचं निळं पाणी दाखवलं, ते जणू शेवटी ते हिरावून घेण्यासाठीच.

रोझी ही नाचणारीची मुलगी. समाजात मान मिळावा म्हणून आईने तिचं लग्न मार्को या पुरातत्त्वज्ञाशी लावून दिलेलं. मार्कोला गुहांतली शिल्पं दिसतात, बायको दिसत नाही. नाच तर त्याच्या घरात निषिद्ध. गाईड म्हणून त्यांना फिरवणारा राजू तिला गारुड्यांच्या वस्तीत नाग पाहायला नेतो आणि तिथे पुंगीच्या सुरावर नाचणाऱ्या बाईला पाहता पाहता रोझी स्वतःच नाचायला उतरते. रोझी झालेली वहिदा रहमान भरतनाट्यम शिकलेली. तिची ताकद हिंदी सिनेमाने तोवर पुरती वापरली नव्हती. त्या नाचात सुरुवातीला संकोच आहे, मग भूक आहे, आणि शेवटी अशी काही बेभानता आहे की राजूच्या चेहऱ्यावर भीती दिसते. या बाईच्या आत काय दाबून ठेवलंय, ते त्याला तेव्हा कळतं.

पुढे ती जीव द्यायचा प्रयत्न करते, वाचते, बाजारातून घुंगरू विकत घेते. आणि मग लताबाईंच्या आवाजातलं एक गाणं येतं, गवताच्या ट्रकवर सुरू होऊन चितोडच्या तटांवर पोहोचणारं. सचिनदेव बर्मन यांनी त्याची रचना नेहमीसारखी केली नाही. गाणं मुखड्याने सुरू न होता अंतऱ्याने सुरू होतं. मरणातून परतलेल्या बाईला पुन्हा जगावंसं वाटतंय, हे सांगायला प्रस्तावनेची गरज नसते. शैलेंद्र यांचे शब्द साधे, बोलल्यासारखे. तटाच्या अगदी कडेवरून वहिदा चालत जाते आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. काल मरायला निघालेली बाई आज कड्यावरून निर्धास्त चालते आहे.

इथे राजूचं मोठेपण आहे, आणि ते नीट पाहायला हवं, कारण पुढे तो फार खाली उतरणार आहे. रोझीच्या नाचावर त्याने विश्वास ठेवला तेव्हा त्याला त्यातून मिळणार काहीच नव्हतं. उलट गमावलंच. परक्याची बायको घरात आणली म्हणून आई आपल्या भावाबरोबर घर सोडून गेली. आईच्या भूमिकेत लीला चिटणीस आहेत. 'कंगन', 'बंधन', 'झूला' या चित्रपटांत अशोककुमारची नायिका झालेल्या आणि पुढे हिंदी पडद्यावरच्या असंख्य नायकांच्या आई झालेल्या या मराठी अभिनेत्रीने 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्रही लिहिलं. 'गाईड'मध्ये त्यांच्या वाट्याला रडणं पुष्कळ आलं आहे, पण घर सोडतानाचा त्यांचा दुखावलेला ताठा मला त्या रडण्याहून जास्त खरा वाटतो. जिवाभावाचा मित्र गफूर टॅक्सीवाला, म्हणजे अन्वर हुसेन, तोही तुटतो. राजू एकटा पडतो आणि तरी रोझीला उभी करतो. ती नलिनी या नावाने मोठी नर्तकी होते.

मग तोच विश्वास मालकीत बदलतो. पैसा, दारू, जुगार. रोझी दौऱ्यांत, सरावात, आणि राजू हिशेबात. तो तिला कामावर काम घेऊन देतो आणि त्याला वाटतं की हेही प्रेमच आहे. विजय आनंदने हे भांडणांतून कमी दाखवलं, दोन गाण्यांतून जास्त. रंगमंचावर नाचताना रोझी फसवणुकीची तक्रार करते. त्या गाण्यात पंडित शिवकुमार शर्मांनी संतूर बाजूला ठेवून तबला वाजवला आहे. ते संपतं ना संपतं तोच मोहम्मद रफींच्या आवाजात राजूची उलट तक्रार सुरू होते. एकामागून एक दोन गाणी ठेवणं व्यावसायिक चित्रपटात धोक्याचं, प्रेक्षक कंटाळतो. इथे दोघंही एकमेकांवर एकच आरोप करतात, आणि दोघांचाही खरा आहे. म्हणून प्रेक्षक खुर्चीतून उठत नाही. याच जोडीचं आधीचं प्रेमगीत मावळत्या उजेडात मोजक्याच लांबलचक शॉट्समध्ये घेतलेलं आहे. कॅमेरा त्यांना तोडत नाही, ती दोघं एका चौकटीतून दुसरीकडे जातात, परत येतात. हे दोन प्रसंग लागोपाठ पाहिले तर त्या नात्याचा सगळा प्रवास संवादांशिवाय कळतो.

राजूचा गुन्हा छोटा आहे आणि त्याचं कारण खोल आहे. मार्कोकडून दागिन्यांबाबतचा कागद येतो, त्यावर रोझीची सही हवी. राजू ती सही स्वतः ठोकतो. पैशाचा लोभ हे कारण रोझीला वाटतं, कोर्टालाही पटतं. खरं कारण भीतीचं: मार्कोची आठवणसुद्धा तिच्यापर्यंत पोहोचू नये. ज्या माणसाने तिला मोकळं केलं, त्यालाच आता ती मोकळी असलेली सोसवत नाही. तो तुरुंगात जातो.

मार्कोच्या बाबतीत एक गोष्ट खटकते, ती सांगायलाच हवी. कादंबरीतला मार्को दुष्ट नाही. तो आपल्या कामात बुडालेला, कोरडा, बायकोचं मन न कळणारा माणूस आहे. चित्रपटात त्याला बाहेरख्यालीही केला. किशोर साहूंनी भूमिका उत्तम वठवली, पण या बदलाने रोझीचा निर्णय सोपा झाला. नवरा वाईट होता म्हणून ती गेली, असं म्हणून त्या काळच्या प्रेक्षकाला सुटका मिळाली. नवरा वाईट नसतानाही एखाद्या बाईला आपली कला घेऊन निघून जावंसं वाटू शकतं, हे नारायण यांनी १९५८ साली लिहिलं होतं. पडद्यावर ते म्हणायचं धाडस झालं नाही. तरीही १९६५ साली विवाहित नायिका नवऱ्याला सोडते, दुसऱ्याबरोबर राहते आणि चित्रपट तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही, हे काही थोडं नव्हे.

शिक्षा लवकर संपते आणि राजू घरी जात नाही. भटकत भटकत एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर तो झोपतो. कुणी साधू त्याच्या अंगावर आपली भगवी शाल टाकून निघून जातो. सकाळी गावकऱ्यांना भगव्यात झोपलेला माणूस दिसतो आणि ते हात जोडतात. भोला हा त्यांच्यातला पहिला. ही भूमिका गजानन जागीरदारांनी केली आहे. 'शेजारी'तला मिर्झा आणि 'रामशास्त्री' ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जागीरदारांची निराळी ओळख करून द्यायला नको. इथे ते मोठा आवाज लावत नाहीत. भोलाच्या नजरेत जो निर्मळ, प्रश्न न विचारणारा भरवसा आहे, त्यावर चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध तोलला आहे. तो भरवसा जरा खोटा वाटला असता तर राजूचं मरण हास्यास्पद झालं असतं. राजू झालेल्या देव आनंदच्या वाट्याला आलेल्या कौतुकातला मोठा हिस्सा जागीरदारांचा आहे असं मला मनापासून वाटतं.

राजू आधी पोटासाठी थांबतो. गावचे पंडित संस्कृत श्लोक म्हणून त्याची परीक्षा घ्यायला येतात तेव्हा तो इंग्रजी फेकून त्यांना गप्प करतो. लोक खूश होतात. पण हळूहळू त्याच्या बोलण्यातून गावात शाळा येते, दवाखाना येतो. गाईड म्हणून जी बोलण्याची कला त्याने पर्यटकांवर वापरली, तीच आता कामी येते. भाव तेथे देव, असं आपण सहज म्हणून जातो. या भागात ते प्रत्यक्ष घडताना दिसतं, आणि देव झालेल्या माणसाला त्याचं ओझं कसं होतं तेही दिसतं.

कारण मग दुष्काळ पडतो. राजूने कधीतरी सहज सांगितलेली एक गोष्ट लोकांना आठवते: एका साधूने बारा दिवस उपास केला आणि पाऊस पडला. गावातला एक अर्धवट माणूस राजूचा निरोप उलटासुलटा पोहोचवतो आणि गावभर होतं की स्वामींनी पाऊस येईपर्यंत अन्न सोडलं. राजू अडकतो. तो भोलाला आपलं सगळं पूर्वायुष्य सांगून टाकतो: मी साधू नाही, तुरुंगातून आलेला माणूस आहे. भोला ऐकून घेतो आणि त्याची श्रद्धा तसूभरही हलत नाही. वाल्याचा वाल्मीकी झालेला ज्या देशाला ठाऊक आहे, तिथे पूर्वीचं पाप हा अडथळा ठरत नाही.

उपास हे हत्यार त्या काळच्या भारतीय प्रेक्षकाला परकं नव्हतं. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी केलेलं उपोषण आणि पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे दलितांना उघडावेत म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी केलेलं उपोषण महाराष्ट्रातल्या माणसाने जवळून अनुभवलं होतं. एक माणूस उपाशी राहतो आणि त्याने हजारोंचं मन हलतं, हे आपण इतिहासात पाहिलं आहे. कादंबरीतले गावकरीही राजूची तुलना महात्म्याशीच करतात. फरक इतकाच, की गांधीजी आणि गुरुजी निश्चय करून बसले होते आणि राजू गैरसमजाने.

शिवाय काळही तसा आला. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षं देशात पावसाने दगा दिला. अमेरिकेतून जहाजांनी गहू येत होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा असं आवाहन केलं आणि सोमवारी संध्याकाळी चुली न पेटवणारी घरं महाराष्ट्रातही होती. अशा दिवसांत लोक थिएटरात बसून पडद्यावरच्या भेगाळलेल्या जमिनीकडे पाहत होते. पुढे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांनी हा चित्रपट कुठे तंबूत पाहिला असेल, तर त्यांना त्यातला पाऊस कसा वाटला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

पावसाची आळवणी करणारं गाणं सचिनदेव बर्मन यांनी स्वतः गायलं आहे. सुरुवातीचं वाटसरूचं गाणंही त्यांचंच. पावसाच्या या गाण्याची मुळं बंगालच्या लोकसंगीतात आहेत. अब्बासुद्दीन अहमद यांनी ते घराघरांत पोहोचवलं होतं. त्यात अल्लाकडे ढग मागितले आहेत, आणि ते मागणारे लोक हिंदू देवळासमोर बसले आहेत. कोणालाही यात वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. आपल्याकडे पाऊस लांबला की खेड्यांत धोंडी काढतात, लिंबाचा पाला अंगाला बांधून पोरं दारोदार फिरतात आणि बाया त्यांच्यावर पाणी ओततात. तहानेला पंथ नसतो हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुसलमान गफूर शेवटी देवळात येतो आणि खंगलेला राजू त्याला मिठीत घेतो, हा प्रसंग त्याच मातीतून उगवलेला आहे.

एक परदेशी पत्रकार राजूला विचारते की उपासाने पाऊस पडेल यावर तुमचा विश्वास आहे का. त्याच्या उत्तराचा आशय असा, की त्यांचा माझ्यावर विश्वास आहे आणि माझा आता त्यांच्या विश्वासावर बसला आहे. माझ्या मते चित्रपटाचा कणा इथे आहे. राजू आस्तिक झालेला नाही. त्याने फक्त ठरवलंय की यांचा विश्वास मोडायचा नाही. एकदा एका बाईचा विश्वास त्याने आपल्या भीतीपायी मोडला होता. भुकेने तळमळून पळून जाण्याचे क्षण त्याच्याही वाट्याला येतात. गैरसमजाने लादला गेलेला उपास कधीतरी त्याचा स्वतःचा होतो. कादंबरीतही हे वळण आहे: स्वतःच्या फायद्याचं नसलेलं काहीतरी आपण प्रथमच करतोय, ही जाणीव नारायण यांनी फार थोड्या शब्दांत टिपली आहे.

शेवटाबद्दल वाद आहेत. नारायण यांचा राजू नदीच्या पात्रात उभा राहतो, डोंगरांत पाऊस पडतोय असं त्याला वाटतं आणि तो खाली बसतो. पाऊस आला की नाही, तो मेला की नाही, लेखक सांगत नाही. साहित्य म्हणून हा शेवट श्रेष्ठ आहे. चित्रपटात ढग गडगडतात, पाऊस कोसळतो, लोक नाचतात आणि आत राजू मेलेला असतो. हा चमत्कार स्वस्त आहे असं म्हणणाऱ्यांनी क्रम पाहावा. पाऊस येण्याआधी विजय आनंदने दोन राजू समोरासमोर आणले आहेत, एक थकलेला देहाचा आणि एक शांत, आतला. त्यांच्या त्या बोलण्यात गीतेची सावली आहे. ते संपेपर्यंत राजूला पावसाचीही अपेक्षा उरत नाही. म्हणजे पाऊस पडतो तो त्याला बक्षीस म्हणून नाही, त्याला त्याचा उपयोग संपल्यावर. तो पाऊस गावाचा आहे.

फिल्मफेअरचे सात पुरस्कार 'गाईड'ला मिळाले: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, कथा, संवाद आणि छायालेखन. चित्रपटावर रुसलेल्या नारायण यांनाच कथेचा मिळाला. संगीताचा मात्र बर्मनदांना नाही मिळाला, तो 'सूरज'साठी शंकर-जयकिशनकडे गेला. हा अन्याय ज्यांना आजही सलतो त्यांच्यात मी आहे.

आणि दुसरी सल रोझीची. राजूने विश्वासाची परतफेड केली, पण ती गावाकडे केली. जिचं येणं होतं ती रोझी बातमी वाचून धावत येते, त्याच्या उशाशी बसते, तो गेल्यावर आक्रोश करते. वहिदा हे सगळं जीव ओतून करते. पण जिने गारुड्यांच्या वस्तीत आणि चितोडच्या तटावर स्वतःला परत मिळवलं, त्या बाईला शेवटच्या रिळांत रडण्यापलीकडे काही दिलेलं नाही. नाच तिच्याजवळ आहे का, राजूनंतर तिचं काय, हे कुणी विचारत नाही. विजय आनंदने राजूला पूर्ण केलं. रोझीला पूर्ण करायला आणखी एक चित्रपट हवा होता, आणि तो कोणी काढला नाही.